सासऱ्यांसाठी गिअर

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच माझ्याकडे काही मागितलं, आणि तेही मागितलं नाही, फर्मावलं. दिवाळीला आम्ही अर्धापूरला गेलो होतो. मामा ओसरीवर बसले होते, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि यांच्याकडे नुसता सांभाळायला दिलाय.

"जावईबापू, तुम्ही लातुरात भंगार सायकली नीट करता म्हणं."

"भंगार नाही मामा, जुन्या माउंटन..."

"तेच ते. एक मला करा. कालव्याचा चढ चढली पायजे. अन् तिला गिअर-फिअर नको."

मी "बरं" म्हणालो. जावयाने इतक्या घाईने बरं म्हणू नये. मामांच्या गुडघ्यांनी चढ चढणारी आणि तरी गिअर नसलेली सायकल मागणं म्हणजे दूध पाहिजे पण म्हैस दारात नको, असं सांगण्यासारखं होतं.

झालं होतं असं की, पावसाळ्यात मामा मोटारसायकलवरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मुठीतला जोर काही परत आला नाही. क्लच दाबता येईना. गुडघे त्याआधीपासूनच संपावर. केळीचा मळा कालव्यापलीकडे, आणि वाट कालव्याच्या भरावावर चढून पलीकडे उतरणारी. पायी जाववत नव्हतं. घरातली साधी सायकल घेऊन ते एकदा गुपचूप निघाले, तर चढाच्या मध्यावर गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मामा सायकलसकट बेशरमीच्या झुडपात. तेव्हापासून माझा मेव्हणा सवड मिळाली की त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून मळ्यात सोडायचा आणि सवड मिळाली की परत आणायचा.

"खताच्या पोत्यासारखं नेऊन टाकतंय," मामा म्हणाले. "अन् पोत्याला इचारतंय का कोणी, बाबा, तुला कधी यायचंय?"

जन्मभर या माणसाने उजाडताच मळ्यात जाऊन आधी केळींना, मग मोटरीला आणि शेवटी मजुरांना शिव्या घातल्या. आता तो सगळा साठा घरातच खपत होता. सासूबाईंनी चहाचा कप माझ्या हातात देता देता आवाज खाली आणला. "जावईबापू, ह्यांना वावरात धाडायचं काई तरी करा. न्हाई तर मला तरी धाडा."

आम्ही हसलो. पण दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की शिव्याही कमी होत चालल्यात. मेव्हणा रात्रीच्या जेवणाला मळ्यातलं सांगायचा, कुठल्या बाजूची बाग वाकली, कुठे बांबूचा टेकू दिला. मामा ताटात बघून "हां" म्हणायचे. शिव्या देणारा माणूस "हां" म्हणायला लागला की घर घाबरतं. मीही घाबरलो. ह्या माणसाला त्याच्या मळ्यात त्याच्या मर्जीने जाता आलं पाहिजे, बाकी मला काही कळत नव्हतं.

सायकल मात्र कळत होती. त्याचं कारण सांगतो.

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात कॉलेजला होतो. आमच्या घराला भेगा गेल्या, घर राहिलं. खाली दक्षिणेकडे गावंच्या गावं गेली. त्याबद्दल मला थट्टेत काही लिहायचं नाही आणि थट्टेशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून पुढे जातो. गावं गेली तिथे पत्र्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि त्या वस्त्यांचं पाणी तपासायला एक परदेशी बाई आली. पाण्याची इंजिनिअर होती. काळ्या चिखलात जीप रुतायची, म्हणून ती स्वतःच्या देशातून आणलेल्या सायकलवर फिरायची. तिला दुभाषा हवा होता. कॉलेजात इंग्रजीला बऱ्यापैकी मार्क पडणारा, मोकळा आणि बडबड्या असा एकच मुलगा होता. मी.

ती विचारायची, पाणी खारट लागतं का? समोरची आजी दोन्ही सुनांचा इतिहास सांगायची, नांदेडला दिलेल्या लेकीपर्यंत पोचायची, डोळे पुसायची. मी भाषांतर करायचो, "थोडंसं खारट." बाई माझ्याकडे बघायची, आजीकडे बघायची, आणि खाली बसून आजीचा हात धरायची. म्हणजे माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळलेलं असायचं.

आणि ती सायकल! खडबडीत जाड टायर, दांड्यासारखं सरळ हँडल, पुढे तीन चकत्या, मागे चकत्यांची उतरंड. एका म्हाताऱ्याने सगळ्या बाजूंनी बघून मला विचारलं होतं, "हिला नांगर कुठून जोडायचा?" एक दिवस बाईने ती माझ्या हातात दिली. मी नाल्यात उतरलो आणि पलीकडच्या चढाला लागलो. पाय गिरणीच्या पट्ट्यासारखे गरगर फिरत होते, सायकल बैलगाडीच्या चालीने सरकत होती, पण वर चढत होती. मी, ज्याला जिना चढला तरी धाप लागायची, बसल्या जागेवरून नाला चढलो! बाई मागून ओरडत होती की गिअर चढाच्या आधी बदलायचा असतो, चढ लागल्यावर नाही. मी वर पोचून तिला दोन्ही हातांनी नमस्कार केला. तो सायकलला होता, पण तिने स्वतःला समजून घेतला.

जाताना ती सायकल घेऊन गेली. बरं केलं. मला दिली असती तर मी ती कपाटात ठेवून रोज उदबत्ती लावली असती. मला तिने नुसतं वेड दिलं, आणि ते अजून झिजलेलं नाही.

पुढच्या काही वर्षांत लातुरात शिकवणीचा महापूर आला. आधी मुरुड, औशाची पोरं यायची, मग सगळ्या मराठवाड्यातून यायला लागली. ज्याच्या घरात रिकामी खोली होती त्याने ती भाड्याने दिली. ज्याच्याकडे नव्हती त्याने न्हाणीघराला खिडकी पाडून ती केली. जून उजाडला की गल्लोगल्ली बाप दिसायचे. एका हातात पोराची वळकटी, दुसऱ्या हातात पोरगं. आणि नेमक्या त्याच काळात बाजारात गिअरच्या सायकली आल्या होत्या. पोरांना तीच पाहिजे असायची. बाप नाही म्हणायचा नाही. घर सोडून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणणार?

मग एक विधी व्हायचा. असा विधी मी लातूरशिवाय कुठे पाहिला नाही. दुकानातून गिअरची नवी कोरी सायकल घेऊन बापलेक बाहेर पडायचे आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या मिस्त्रीकडे यायचे. "गिअर काढून टाका." कारण गिअर बदलला की साखळी पडते, साखळी पडली की पोरगं शिकवणीला उशिरा पोचतं, उशिरा पोचलं की मागचा बाक, आणि मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, तर मेडिकल काय दिसणार! बापांचं हे गणित पक्कं असायचं. मिस्त्री गिअर काढायचा, मागे एकच चकती ठेवायचा, साखळी आखूड करायचा. मग मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पुढे पुस्तकांना जाळीची टोपली. डोंगर चढायला जन्मलेली सायकल चहा पिऊन होईपर्यंत दूधवाल्याची झालेली असायची. बाप तिच्या सीटवरून हात फिरवायचा, तेव्हा कुठे त्याला गावी परत जायचं बळ यायचं.

मी तिथे उभा राहून हळहळायचो. त्या मिस्त्रीला सगळे उस्ताद म्हणायचे. तो काढलेले गिअर मागच्या तेलाच्या पिंपात फेकायचा, आणि प्रत्येक ठणकन आवाजाला माझ्या काळजात काहीतरी तुटायचं.

अशाच एका जूनमध्ये अर्धापूरहून माझे सासरे, जे तेव्हा माझे कोणी नव्हते, आपल्या मुलीला घेऊन याच उस्तादसमोर उभे होते. ही गोष्ट मला बायकोनेच सांगितली. तिने भीत भीत म्हटलं, "अण्णा, गिअर एवढे राहू द्या ना." त्यावर अण्णा भर रस्त्यात म्हणाले, "पोरगी शिकायला आणली, सर्कशीत भरती कराया न्हाई."

ती त्या सायकलवर दोन वर्षं शिकवणीला गेली. मेडिकलला तिचा नंबर लागला नाही, पुढे यथावकाश माझ्याशी लागला. त्या पेपर तपासणाऱ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. लग्नानंतर सायकल आमच्याकडे आली. तोवर मी हॉस्टेलच्या गच्च्यांवर पोरांनी टाकून दिलेल्या जुन्या सायकली आणून नीट करायला लागलो होतो. कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल घ्यायची आणि घरी येऊन गंजावर प्रयोग करायचे, असा माझा दिनक्रम. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नव्हती. पण बायकोची सायकल मात्र जिन्याखाली झाकून ठेवलेली, आणि तिला हात लावायला मला बंदी.

"तुम्ही हात लावला की वस्तू वापरायची राहत नाही, दाखवायची होते," असं तिचं म्हणणं.

अर्धापूरहून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर तीच सायकल अंगणात उभी. बायको फडक्याने धूळ झटकत होती.

"ही करा अण्णांना."

"अगं, ते म्हणालेत गिअर नको."

"अण्णांचं मी बघते. तुम्ही चढाचं बघा."

मी कामाला लागलो. जुन्या सायकलीचं एक बरं असतं, ती सगळं सोसून बसलेली असते पण लपवत काही नाही. सीटचा दांडा नळीत असा गंजून बसला होता की रॉकेल पाजून दोन रात्री ठेवला तेव्हा कुठे हलला. चाकं खोलून बेअरिंग धुतली, नवं ग्रीस भरलं, तारा एकेक ताणत चाकाचा लंगडेपणा काढला. मूळचा रंग मी कधी काढत नाही. गंज तेवढा घासला आणि पोपटी रंग खालून असा निघाला की बायको पीठ मळता मळता हात तसेच घेऊन बघायला आली. मडगार्ड, टोपली उतरवली. कॅरिअरवर पाना ठेवला तर म्हणाली, "ते राहू द्या. अण्णा रिकाम्या हाताने मळ्यातून आलेत का कधी?" राहू दिलं.

ब्रेकच्या तारांची अदलाबदल करून मागचा ब्रेक उजव्या हाताला आणला. गिअरचा खटकाही उजव्या अंगठ्याला यायचा होता. म्हणजे डाव्या हाताने नुसतं हँडलवर विसावायचं, काम सगळं उजव्याने. इथवर मी स्वतःवर फारच खूश होतो. मग मागच्या चाकाजवळ वाकलो आणि मटकन खाली बसलो. गिअर अडकवायला सायकलच्या सांगाड्याला मागे एक लोखंडी कान असतो. तो करवतीने कापलेला. पुन्हा कोणाला गिअर बसवायची बुद्धीच होऊ नये, असा बंदोबस्त.

सायकल घेऊन उस्तादकडे गेलो. दुकान तेच, उस्तादची दाढी पांढरी.

"उस्ताद, हा कान तुम्ही कापलाय."

"कशावरून?"

"कापलेली कड एकदम सरळ आहे."

उस्तादने वाकून बोट फिरवलं आणि चेहरा उजळला. "मग माझीच. दुसऱ्याची वाकडी ऱ्हाते."

"मला परत गिअर बसवायचेत."

"सर, आपण काढायचे उस्ताद. बसवायचं काम आपल्या खानदानात न्हाई."

पण तो उठला. दुकानामागच्या पत्र्याखाली, फाटक्या टायरांच्या ढिगाखाली, ते पिंप अजून होतं. आम्ही दोघांनी ते आडवं केलं. देवा! काळ्या तेलात न्हालेले गिअर, मागच्या चकत्यांचे जुडगे, खटके, सगळ्या जून महिन्यांचा खजिना माझ्या पायाशी सांडला. एकाही दाताला झीज नव्हती. ज्यांच्या नावाने मी वर्षानुवर्षं हळहळलो, त्या बापांनी हे सगळं पहिल्याच दिवशी काढून ठेवलं म्हणून ते कोरं राहिलं होतं. नाही तर पोरांनी एका वर्षात त्याचा भुगा केला असता. मी मनातल्या मनात त्या सगळ्या टोपीवाल्या, वळकटीवाल्या बापांची माफी मागितली नाही, पण आभार मानले.

त्या ढिगात मला एक गिअर असा मिळाला की त्याचा कान त्याच्याच पट्टीला जोडलेला होता. पट्टी चाकाच्या आसावर बसवली की झालं. मी तो उचलला तर उस्ताद म्हणाला, "हा याच पोरीचा."

"काहीही काय?"

"याद है ना! बाप केळीवाला. जाताना मला घड देऊन गेला. खुदा की कसम."

मुळात स्वतःचा कान असलेल्या सायकलीला पट्टीवाला गिअर कशाला असेल, हे मी विचारलं नाही. खजिना उघडून देणाऱ्या माणसाची उलटतपासणी घेऊ नये.

लातुरात डोंगर नाही, म्हणून परीक्षा रेल्वेच्या पुलावर घेतली. शिकवणी सुटली होती. मी सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पाय गरगर फिरवत गोगलगायीच्या वेगाने पूल चढत होतो. बाजूने दोन पोरी स्कूटीवरून गेल्या, थोडं पुढे जाऊन थांबल्या. "काका, ढकलू का?" मी म्हणालो, "नको बाळांनो, यालाच चढणं म्हणतात." पण गुडघ्यांना काही कळलंसुद्धा नव्हतं.

केळी घेऊन लातूरला आलेली एक पिकअप रिकामी परत जात होती. तिच्यात केळीच्या पानांवर सायकल निजवून आम्ही अर्धापूरला पोचलो. मामा ओसरीवरून उतरून आले. सायकल बघून खूश झाले, पोपटी रंगावर हात फिरवला, सीट दाबून बघितलं. मग नजर मागच्या चाकाकडे गेली आणि भुवया आकसल्या.

"हे काय हाय?"

मी दोन पावलं मागे सरकलो. बायको पुढे झाली.

"तुमचेच गिअर आहेत अण्णा. लातुरात सायकल घेतली तेव्हा उस्तादकडे राहून गेले होते. आता आणले."

"आपलेच?"

"आपलेच. त्याने शपथ घेऊन सांगितलं. तुम्ही केळीचा घड दिला होता म्हणे त्याला."

मामा क्षणभर आठवत राहिले. आठवलं की नाही, कोण जाणे. पण स्वतःची वस्तू परक्याच्या दारात इतकी वर्षं पडून होती, हे त्यांना लागलेलं दिसलं.

"आपलेच हायेत तर मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "फेकून थोडंच द्यायचेत."

सकाळी सगळं घर कालव्याच्या वाटेवर जमलं. मामांनी पायजम्याचा घोळ मोज्यात खोचला, टोपी घट्ट केली आणि जाहीर केलं, "मागं कोणी पळायचं न्हाई."

मी खटका समजावून सांगत होतो. "मामा, चढ लागायच्या आधी हा अंगठ्याने इकडे..."

"चढ मला सांगता काय? जन्म गेला ह्या चढावर."

आणि निघाले. सपाटीवर झोकात गेले. चढ आला. अंगठा हलला नाही. चढ लागला. अंगठा हलला नाही. वेग उतरला, गुडघे एकेक पायडल मोजायला लागले, पुढचं चाक डावीकडे वळलं, तिथे बेशरमीची झुडपं वाट बघत होती. मेव्हणा धावायला निघाला तर सासूबाईंनी त्याचा शर्ट मागून धरला. "थांब. त्यांनी सांगितलंय ना!" बायकोने माझं मनगट इतकं आवळलं की दुसरं फ्रॅक्चर घरात होतंय की काय असं वाटलं.

मग अंगठा हलला. आमच्यापर्यंत ऐकू आलं, कडाक! साखळी किंचाळली. कोणत्याही शहाण्या माणसाने चढाच्या मध्यावर असा गिअर टाकू नये. एक पाय रिकामा फिरला, सायकल थांबल्यासारखी झाली, आणि त्या कोऱ्या दातांनी साखळी पकडली.

"पाय फुकट फिरून राहिले!" मामा वरून ओरडले.

"फिरू द्या!" मी खालून ओरडलो.

ते फिरले. सायकल मुंगीच्या चालीने सरकत भरावाच्या माथ्यावर गेली. पोपटी रंगावर ऊन पडलं. आम्हाला वाटलं आता वळून बघतील. त्यांनी वळून बघितलं नाही. पलीकडे उतरले आणि केळींत गेले.

जेवणाची वेळ झाली, मामा नाहीत. मेव्हणा म्हणाला, "जाऊन घेऊन येतो." सासूबाई म्हणाल्या, "आणू नको, डबा नेऊन दे." डबा मी आणि बायकोने नेला. मळ्यात सायकल बांधाला टेकवलेली आणि मामा आत एका वाकलेल्या झाडाला बांबूचा टेकू देत होते, एका हाताने आणि एका खांद्याने. मेव्हण्याने आधी दिलेला टेकू काढून बाजूला टाकला होता. आम्हाला बघून त्यांनी त्या टेकूबद्दल आपल्या मुलाची अक्कल काढली, मग त्या टेकूच्या बांबूची काढली. बायको हसता हसता मान वळवून केळीचं एक पान विनाकारण नीट करत उभी राहिली.

तिघं बांधावर बसलो. डबा उघडला. सायकल कशी चालते, यावर एक अक्षर नाही. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "उद्या कवा निघता?"

"सकाळी, मामा. पहिल्या बसने."

"मंग आपली भेट व्हायची न्हाई. मी हितं ऱ्हाईन."

सासरा जावयाला निरोप द्यायला दारात नसला, तर आमच्याकडे तो जावयाचा अपमान समजतात. माझा असा अपमान दर फेरीला होवो.